पेरूचा समुद्र, बंगालचा उपसागर आणि काटोलची पऱ्हाटी

भाऊ, तुमचा प्रश्न मी असा समजले. काटोलजवळ तुमची कोरडवाहू पऱ्हाटी (कापूस) आणि सोयाबीन आहे, विहिरीच्या पाण्यावर संत्र्याची बाग आहे. एप्रिल-मे आला की एल निनोच्या, म्हणजे पेरूकडचा प्रशांत महासागर तापल्याच्या, बातम्या सुरू होतात. मग गावात कोणी म्हणतं यंदा पेरणी लांबवा, कोणी म्हणतं मृग बहार, म्हणजे संत्र्याचा पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, धरूच नका. समुद्र आपल्यापासून एवढा लांब आणि पेरू तर पृथ्वीच्या पार पलीकडे, तर तिथलं पाणी तापल्यानं आपल्या शेताला खरंच काही होतं का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी अकरावीतल्या मुलीचा प्रश्नही जोडलाय, की सागरी प्रवाहांचा सजीवांवर परिणाम होतो म्हणजे नेमकं काय होतं.

मी नागपुरात हवामान आणि शेती यांची सांगड घालण्याचं काम बरीच वर्षं केलं, अजूनही करते. दर उन्हाळ्यात हाच प्रश्न येतो आणि त्यात खरं तर दोन प्रश्न गुंतलेले असतात. एक, समुद्राचा आणि आपल्या पावसाचा संबंध आहे का? आहे, आणि पक्का आहे. दुसरा, त्या संबंधावरून जूनमध्ये पेरायचं की थांबायचं हे ठरवता येतं का? बहुतेक वेळा नाही. लोक पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावतात आणि तिथेच नुकसान होतं. म्हणून आधी पहिला प्रश्न नीट समजून घेऊ.

समुद्राचं सगळं सामर्थ्य उष्णता साठवण्यात आहे. पृथ्वीभोवतीच्या सगळ्या हवेत जेवढी उष्णता मावते, जवळपास तेवढी समुद्राच्या वरच्या सुमारे तीन मीटर पाण्यातच मावते. हे पाणी एका जागी थांबत नाही. वारा त्याला ढकलतो, पृथ्वीचं फिरणं त्याची दिशा वळवते, खारटपणा आणि तापमान यांतल्या फरकामुळे ते खाली-वर होतं. त्यामुळे विषुववृत्ताजवळ साठलेली उष्णता भलतीकडे जाऊन बाहेर पडते. जिथे पाणी साधारण २८ अंशांच्या वर तापलेलं असतं, तिथे हवा जोरात वर चढते आणि उंच ढग बनतात. आता, एका ठिकाणी हवा वर चढली की दुसरीकडे कुठेतरी ती खाली बसणारच, आणि हवा बसते तिथे ढग धरत नाहीत. प्रवाह आणि पाऊस यांच्यातला दुवा तो हाच. प्रवाह थेट पाऊस पाडत नाही, हवा कुठे चढेल आणि कुठे बसेल ते बदलतो.

शाळेच्या पुस्तकात पहिलं उदाहरण गल्फ स्ट्रीम या अटलांटिक महासागरातल्या उबदार प्रवाहाचं असतं, कारण त्यामुळे वायव्य युरोपचा हिवाळा सौम्य राहतो. ते खरंच आहे, पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांचाही त्यात मोठा वाटा आहे. पण विदर्भातल्या माणसानं आधी पाहायला हवेत ते प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर.

आता पेरू. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यानं हम्बोल्ट नावाचा थंड प्रवाह उत्तरेकडे वाहतो. एरवी विषुववृत्तावरचे व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि कोमट पाणी इंडोनेशियाकडे लोटत राहतात. परातीत पाणी घेऊन एका बाजूनं फुंकर मारली की ते पलीकडच्या काठाशी चढतं, तसंच. हा चढ थोडाथोडका नाही. इंडोनेशियाकडे समुद्राची पातळी इक्वाडोर-पेरूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते आणि पाणी जवळपास ८ अंशांनी गरम. पेरूकडे जी जागा रिकामी होते ती भरायला खालचं थंड पाणी वर येतं. एल निनोच्या वर्षी हे वारे मंदावतात, साठलेलं कोमट पाणी पूर्वेकडे परत सरकतं आणि त्याच्याबरोबर हवा चढण्याची जागाही मध्य प्रशांताकडे सरकते. मग हवा बसण्याचा भाग इंडोनेशियापासून आपल्या बाजूपर्यंत पसरू शकतो. आपल्या मान्सूनला ओढ लागते ती या वाटेनं.

या शोधाचा धागा आपल्या भागातून जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी तेव्हाचा मध्य प्रांत, ज्याची राजधानी नागपूर होती, होरपळून काढला. असे दुष्काळ आधी ओळखता येतील का, हा प्रश्न हवामान खात्यापुढे होता. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ त्या खात्याचे प्रमुख झाले आणि १९२४ पर्यंत राहिले. त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. प्रशांत महासागराच्या एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला उतरतो आणि आपल्या पावसाचा त्या झोक्याशी संबंध आहे, हे त्यांना दिसलं. पण त्यामागे समुद्राचं तापणं-थंडावणं आहे, हे नीट मांडलं गेलं १९६९ मध्ये, याकोब ब्यर्कनेस या हवामानशास्त्रज्ञांच्या लेखनातून. म्हणजे तुम्ही आज विचारताय तोच प्रश्न आपल्याकडच्या उपाशी माणसांनी सव्वाशे वर्षांपूर्वी या शास्त्रापुढे ठेवला होता.

इथपर्यंत वाचून वाटेल की एल निनो आला म्हणजे दुष्काळ नक्की. तर आकडे पाहा. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी, आणि त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२ चा एल निनो त्यापेक्षा बराच सौम्य होता, तरी देशात १९ टक्के तूट पडली आणि जुलैचा पाऊस निम्म्यावर आला. २००९ मध्ये २२ टक्के तूट. पुण्याच्या संशोधकांनी २००६ मध्ये याचं एक कारण दाखवून दिलं. पाणी किती तापलं यापेक्षा कुठे तापलं हे महत्त्वाचं. तापमानवाढ पार पेरूच्या किनाऱ्याशी एकवटली तर आपण बऱ्याचदा वाचतो, मध्य प्रशांतात असेल तर हवा बसण्याची जागा भारतावर येते. बातमीत मात्र दोन्हींना एल निनो हेच नाव.

दुसरं कारण आपल्याच महासागरात आहे. हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा, आफ्रिकेजवळचा भाग तापलेला आणि सुमात्राजवळचा भाग थंड, अशी स्थिती काही वर्षी येते. तिला धन द्विध्रुव म्हणतात, १९९९ मध्ये तिची रीतसर ओळख पटली. ती बहुधा आपल्या मान्सूनला हात देते. २०१९ ची आठवण करा. जून संपला तेव्हा देशात ३३ टक्के तूट होती, सगळीकडे दुष्काळाची भाषा चालू होती. पुढे द्विध्रुव जोरदार धन झाला आणि हंगाम ११० टक्क्यांवर संपला. एकट्या द्विध्रुवानं हे घडवलं असं मी म्हणणार नाही, पण त्याचा हात होता. हे दोन महासागर एकमेकांना जोडलेलेही आहेत. इंडोनेशियाच्या बेटांमधल्या खिंडींतून प्रशांताचं कोमट पाणी सेकंदाला साधारण दीड कोटी घनमीटर या वेगानं हिंदी महासागरात येत असतं.

आपल्या दोन बाजूंच्या समुद्रांबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण विदर्भाचा खरा हिशेब तिथे आहे.

जगातल्या बहुतेक महासागरांत प्रवाहांची दिशा वर्षभर जवळपास तीच राहते. हिंदी महासागराच्या उत्तर भागात मात्र वारा उलटला की प्रवाहही उलटतात. सोमालियाच्या किनाऱ्याचा प्रवाह हिवाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि मान्सूनचे वारे सुरू झाले की वळून उत्तरेकडे जोरात धावू लागतो. त्याच वेळी तिथे खालचं थंड पाणी वर येतं. म्हणून ऐन जून-जुलैत अरबी समुद्राचा पश्चिम भाग थंड होत जातो. बंगालचा उपसागर मात्र त्याच काळात २८ अंशांच्या वर टिकून राहतो, एवढ्या वाऱ्यापावसातही. का? गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचं गोडं पाणी त्याच्यावर पसरतं. गोडं पाणी हलकं, ते खालच्या खाऱ्या पाण्यात सहजी मिसळत नाही. वाऱ्यानं घुसळलं तरी खालचं थंड पाणी वर यायला वाव राहत नाही. त्या तापलेल्या थरावर एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात आणि ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिम-वायव्येकडे सरकतात. जुलै-ऑगस्टमध्ये नागपूर, भंडारा, गोंदियाला जो भिजवणारा पाऊस लागतो, त्याचा मोठा भाग हीच क्षेत्रं आणतात.

आता आपल्या नद्यांचा रस्ता डोळ्यासमोर आणा. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. काटोलच्या ओढ्याचं पाणीही वर्ध्याकडून गेलं काय किंवा कन्हानकडून गेलं काय, तिथेच पोचतं. उपसागराला तापलेला ठेवणाऱ्या गोड्या पाण्यात आपलाही वाटा आहे. हे पाणी तिथेच थांबत नाही. पावसाळा संपला की पूर्व किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो. तो हे कमी खारट पाणी आंध्र-तमिळनाडूच्या कडेनं नेतो आणि श्रीलंकेला वळसा घालून केरळपुढच्या अरबी समुद्रात आणून सोडतो. एप्रिल-मेपर्यंत तिथे समुद्रातलं एक अतिशय उष्ण क्षेत्र तयार होतं, आणि त्यानंतर त्याच परिसरातून मान्सून केरळात शिरतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. समुद्र आपल्यापासून कुठल्याही बाजूनं पाचशे किलोमीटरहून लांब आहे हे खरं, पण वेगळा नाही.

मुलीच्या प्रश्नाकडे येते. तिला सांगा, समुद्रात उजेड वर असतो आणि खत खाली असतं. मेलेले जीव, विष्ठा, सगळं खाली बसतं आणि तिथे कुजून नत्र-स्फुरद साठतं. वरच्या उजेडातल्या सूक्ष्म वनस्पतींना ते मिळायचं तर कोणीतरी खालचं पाणी वर आणायला हवं. ते काम वारा आणि प्रवाह करतात. म्हणून जगातली मोठी मासेमारी थंड पाणी वर येणाऱ्या किनाऱ्यांवर सापडते: पेरू, नामिबिया, सोमालिया-ओमान, आणि पावसाळ्यात आपला केरळ-कर्नाटकचा किनारा. तारली हा मासा याच वर येणाऱ्या खतावर पोसला जातो. त्याचे थवे काही वर्षी उदंड येतात, काही वर्षी नाहीसे होतात. ही चढउतार समुद्राच्या स्थितीशी जोडलेली आहे हे मच्छीमारांना आणि अभ्यासकांना दोघांनाही दिसतं. तेच थंड पाणी किनाऱ्यावर मात्र पाऊस पडू देत नाही, कारण थंड पाण्यावरची हवा वर चढत नाही. पेरू-चिलीच्या कडेला अटाकामा आणि नामिबियाच्या कडेला नामिब ही वाळवंटं आहेत. समुद्रात सुकाळ आणि लगतच्या जमिनीवर वाळवंट, दोन्ही त्याच पाण्यामुळे. मुलीनं उत्तरपत्रिकेत हे एवढं जरी कारणासह लिहिलं तरी तिला विषय कळला आहे असं मी समजेन.

याचा धक्का थेट तुमच्या सोयाबीनपर्यंत आल्याचं एक उदाहरण आहे. पेरूत अँकोव्ही नावाचा छोटा मासा प्रचंड पकडला जायचा, १९७० मध्ये एक कोटी वीस लाख टनांच्या आसपास. त्याची भुकटी जगभर कोंबड्यांना आणि डुकरांना खाऊ घालत. १९७२ चा एल निनो आला, थंड पाणी वर येणं थांबलं, त्यात आधीपासून पकड बेसुमार होती. १९७३ मध्ये पकड वीस लाख टनांच्या आसपास कोसळली. प्रथिनांसाठी सगळे सोयाबीनच्या ढेपेकडे धावले, भाव कडाडले आणि त्या वर्षी अमेरिकेनं काही काळ सोयाबीनची निर्यातच रोखली. अमेरिकेवर विसंबलेल्या जपाननं पुढे ब्राझीलमधल्या लागवडीत पैसा घातला. आज आपल्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव ठरताना ब्राझीलच्या पिकाचं नाव निघतं, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक.

जमिनीवरच्या जिवांचं गणितही याच वाऱ्यांवर बसलंय. चातक मान्सूनच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येतो. पावसाळ्यानंतर शेतावर घिरट्या घालणारा पिवळसर भटका चतुर उलट दिशेनं, मालदीव ओलांडून, आफ्रिकेकडे जातो असं २००९ मध्ये पुढे आलं. आणि पाणी नको तिथे जास्त तापलं की मरणारेही आहेत. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली, ती तिन्ही एल निनोच्या पाठोपाठची वर्षं.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे तुमचं शेत. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. जमीन किती खोल, विहिरीला मे महिन्यात पाणी किती, सोयाबीन सलग की तुरीसोबत, हे कळल्याशिवाय ठाम सांगणं बरोबर नाही. पण मी विचार कसा करते ते सांगते.

समुद्राची स्थिती हंगामाचा कल सांगते. कोणत्या आठवड्यात पाऊस येईल हे ती सांगत नाही, आणि कोणत्या गावात येईल हे तर मुळीच नाही. २०२३ हे एल निनोचं वर्ष होतं. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. आणि त्याच वर्षी २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. हंगामाचा कल आणि एका रात्रीचा पाऊस या वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी काढायला गेलं की फसगत होते.

त्यामुळे एल निनोची बातमी ऐकून पेरणीची तारीख मी कधीच बदलायला सांगत नाही. पेरणी ठरते जमिनीतल्या ओलीवर. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खाली उतरली की पेरा, मग बातमी काहीही असो. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपताना वळवाचे दोन जोराचे शिडकावे आले म्हणून पेरणी उरकू नका. दुबार पेरणीचे बहुतेक प्रसंग मी अशाच घाईतून आलेले पाहिले आहेत. उलट, एल निनोच्या भीतीनं चांगली ओल असताना थांबलात तर पऱ्हाटीचे सुरुवातीचे मोलाचे दिवस जातात आणि शेवटी बोंडं भरताना ओल संपते.

बातमीचा उपयोग दुसरीकडे आहे. एल निनोच्या वर्षी पावसाचे खंड लांबण्याची शक्यता वाढते, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे सोयाबीन फुलोऱ्यात आणि पऱ्हाटी पात्यांवर (कळ्यांवर) असताना. म्हणून तयारी खंडाची करा. उथळ जमिनीवर लवकर येणारं सोयाबीन घ्या. सलग न पेरता तुरीच्या ओळी ठेवा, कारण तूर खोल मुळांवर तग धरते. पेरणी रुंद सरी-वरंब्यावर केली तर सरीत पाणी मुरतं आणि २३ सप्टेंबरसारखा पाऊस आला तर निचराही होतो. शेततळं असेल तर ते पहिल्या खंडासाठी राखा. या गोष्टी चांगल्या पावसाच्या वर्षीही वाया जात नाहीत, म्हणून त्या बिनधास्त सांगता येतात.

संत्र्याचं प्रकरण जास्त नाजूक आहे. मृग बहारासाठी तुम्ही उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देता आणि तो मोडायला जूनच्या पावसावर भिस्त ठेवता. पाऊस लांबला तर ताण गरजेपेक्षा वाढतो, पानगळ होते, झाड खंगतं. हलक्या जमिनीत हे लवकर होतं, भारी काळ्या जमिनीत थोडी सवड मिळते. माझा सल्ला असा की मे अखेर विहिरीत ताण मोडण्यापुरतं आणि पुढच्या एका खंडापुरतं पाणी असेल, तरच मृग बहार धरा. तेवढं नसेल आणि जूनच्या सुरुवातीच्या अंदाजातही मान्सून रेंगाळताना दिसत असेल, तर त्या वर्षी ताण पुढे ओढू नका, झाडं जगवा आणि आंबिया बहाराकडे, म्हणजे हिवाळा सरतानाच्या फुलोऱ्याकडे, बघा. इथे, फक्त इथे, समुद्राच्या बातमीला मी थोडं वजन देते, कारण चुकलं तर एका हंगामाचं पीक जातं असं नाही, बरीच वर्षं जपलेलं झाडच जातं.

बातम्या कोणत्या पाहायच्या हेही विचारलं होतं. मार्च-एप्रिलमधला एल निनोचा अंदाज सर्वांत कच्चा असतो, कारण त्याच सुमारास प्रशांताची घडी बदलत असते. त्यावर बियाणं बुक करू नका. हवामान खात्याचा मेअखेरचा सुधारित अंदाज वाचा आणि त्यात एल निनोसोबत द्विध्रुवाबद्दल काय म्हटलंय तेही बघा. जून सुरू झाला की मग हंगामाच्या अंदाजाकडे पाठ फिरवा आणि रोज एकच गोष्ट बघा, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र बनतंय का. बनलं आणि ओडिशाकडून आत सरकलं, तर आपल्याकडे पावसाची शक्यता दोन-चार दिवसांत वाढते. फवारणी, खत, डवरणी सगळं त्यावरून ठरवता येतं. मुलीला हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या संकेतस्थळावर समुद्राच्या तापमानाचे नकाशे पाहता येतील. ती संस्था मच्छीमारांना मासे कुठे सापडण्याची शक्यता आहे हेही सांगते, आणि त्यामागचं शास्त्र वर लिहिलंय तेच.

तुमची जमीन किती फूट खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो, विहिरीची मे महिन्यातली पातळी, आणि संत्र्याची झाडं किती वर्षांची, एवढं कळवा. मग सोयाबीनचं वाण आणि यंदाच्या बहाराबद्दल नेमकं सांगते.